ओळखीच्या मॅडम

…अर्धं फाडलेलं तिकीट होतं. भिजून मऊ झालेलं, कडेची निळी शाई कापडाला लागलेली. बाबांचा शर्ट पिळताना बोटांना काहीतरी लागलं म्हणून तिने खिसा उलटा केला, आणि ते ओल्या पापुद्र्यासारखं तळहातावर येऊन चिकटलं. तारांगण. प्रौढ, एक. चारचा खेळ. म्हणजे तिकीट काढून आले होते. तिला विचारलं असतं तर पास मिळाला असता, पण विचारायचं म्हणजे येतोय हे सांगायचं, आणि सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कशाला बाबा, एवढ्या पायऱ्या, गुडघे दुखतील… आणि ते आले नसते. तिच्या बोलण्यातलं गुडघ्यांच्या मागचं त्यांना नेहमीच कळतं.

बाबा बाहेर पेपर वाचत बसले होते. काल संध्याकाळपासून ते एक अक्षर बोललेले नव्हते. म्हणजे बोलले होते, दूध संपलंय, खिडकी लाव, बल्ब गेलाय, सगळं बोलले होते. त्या एका गोष्टीबद्दल नाही. तिने तिकिटाची गोळी केली आणि केराच्या डब्यात टाकली. मग वाकून त्यावर कांद्याची सालं ओढली. कुणापासून लपवतेय मी? घरात आम्ही दोघंच.

काल काय झालं ते सांगायला चार वाक्यं पुरेशी होती. खेळ संपला, घुमटातले तारे विझले, दिवे लागले, आणि निवेदन संपवून नेहमीप्रमाणे तिने विचारलं, कुणाला काही विचारायचंय? पहिल्या रांगेत संचालक बसले होते, मुख्य निवेदिकेची जागा भरायची होती म्हणून मुद्दाम ऐकायला आलेले. एकही हात वर होईना. मग शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला.

तो हात तिने चेहऱ्याआधी ओळखला. मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारी, केस नसलेली कातडी. वाफेने भाजल्याची खूण. इस्पितळाच्या धुलाईघरात बाबांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, आणि त्या घरघरीत कान गेल्यामुळे ते बोलतात ते दोन खोल्यांपलीकडे ऐकू जावं असं. “सूर्यावर अणुबॉम्ब टाकला तर काय होईल?” ते उभं राहून म्हणाले. कुठेतरी कुणीतरी खुसखुसलं. संचालकांनी मान वळवून मागे बघितलं, मग तिच्याकडे.

आणि ती म्हणाली, “आजोबा, आधी तो टाकायला जाणार कोण? तुम्ही?”

सगळं सभागृह हसलं. संचालकही. बाबा क्षणभर तसेच उभे होते. त्यांना हसू ऐकू आलं असेल, शब्द आले नसतील, अशी तिने मागाहून कितीदा तरी स्वतःची समजूत घातली. पण शब्दही आले होते, कारण ते थोडे वाकून, हात जोडल्यासारखे करून म्हणाले, “बरं, मॅडम,” आणि खाली बसले.

आजोबा. बाबांना आजोबा म्हटलं मी. कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसं.

कामावर जाताना बसमध्ये उभी असताना ती मनातल्या मनात कारणं लावून बघत होती. गडबडीत सुचलं. अपेक्षाच नव्हती. वेळ संपत आली होती… प्रत्येक कारण हातात घेतलं की निसटायचं, आणि खाली तीच जुनी गोष्ट उघडी पडायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी संचालकांनी सहज विचारलं होतं, वडील काय करायचे? ती म्हणाली, बॉयलरवर होते. अरे वा, इंजिनिअर, ते म्हणाले. ती नाही म्हणाली नाही. एवढंच. खोटं असं काही बोललीच नव्हती. फक्त एक वाक्य दुरुस्त करायचं राहिलं होतं, आणि ते नऊ वर्षं राहत गेलं. मग इंजिनिअरांबरोबर इतर गोष्टी आपोआप आल्या. घरात पुस्तकांचं कपाट होतं असं लोक धरून चालले, लहानपणी वडिलांनी दुर्बीण दाखवली असेल असं एका मुलाखतीत कुणीतरी म्हणालं, आणि ती हसली.

दुर्बीण नव्हती. निळी काच होती. भट्टीच्या दाराला तळहाताएवढी खिडकी, तिच्यापुढे धरायची निळी काच, आणि बाबांच्या कडेवर बसून बघितलेली ती पांढरी, थरथरणारी आग. आग झोपते का, तिने विचारलं होतं. बाबा हसले नव्हते. त्यांनी विचार केला, सहा वर्षांच्या पोरीच्या प्रश्नावर चांगला मिनिटभर विचार केला, आणि म्हणाले, झोपत नाही, पण रविवारी आम्ही तिला मंद करून ठेवतो, तेव्हा डुलकी काढत असेल. त्या दिवसापासून तिला सूर्याचं वेड लागलं. हे कुठल्या मुलाखतीत सांगणार?

तारांगणाच्या दाराशी तिकीट तपासणारी बाई खुर्चीत बसली होती. तिने हाक मारून थांबवलं. काल ते उंच म्हातारे आले होते ना, म्हणाली, ते तासभर आधी येऊन बसले होते हो. इस्त्रीचा शर्ट, नुकती दाढी केलेली. तिने त्यांना आत पंख्याखाली बसा म्हटलं तर नको म्हणाले.

“मी विचारलं, कुणाकडे आलात? तर म्हणाले, आतल्या मॅडम ओळखीच्या आहेत.” बाईने तिच्याकडे पाहिलं. “तुमच्या ओळखीचे आहेत का?”

इथे कुणीच नव्हतं. संचालक नव्हते, जागा नव्हती, पहिली रांग नव्हती. एक बाई, एक खुर्ची, आणि विचारलेला साधा प्रश्न. ते माझे वडील आहेत, चार शब्द. जिभेवर आलेही होते. पण आता सांगितलं तर ही विचारेल, मग काल तुम्ही…

“हो,” ती म्हणाली. “ओळखीचे आहेत.”

अकरा वाजता संचालकांनी खोलीत बोलावलं. खूश होते. काल त्या म्हाताऱ्याला छान गुंडाळलंत, म्हणाले, प्रेक्षक असे खेळवता आले पाहिजेत; तुमचं नाव मी वर पाठवतोय. ती आभार मानत राहिली. त्यांनी पुन्हा ते वाक्य म्हणून दाखवलं, आधी तो टाकायला जाणार कोण, आणि स्वतःच हसले, आणि ती, तिच्या लक्षात आलं, तीसुद्धा हसत होती. गाल दुखेपर्यंत. बाहेर येऊन तिने तोंड धुतलं. मग पुन्हा धुतलं.

दुपारच्या खेळाला शाळेची मुलं होती. घुमटावर सूर्य आला, फुगत फुगत अर्धं आकाश व्यापून राहिला. यावर बॉम्ब पडला तर काही होणार नाही, तिला वाटलं, आणि बाबांनाही काल काहीच झालं नाही, ते तसेच शांत… तुलना बसली, नीट बसली, आणि ती सुचल्याचीच तिला शरम वाटली. माणसाचं बोलणं बंद पडलंय आणि मी उपमा जुळवतेय. तिचं एक वाक्य चुकलं. अंधारात कुणाला कळलं नाही.

घरी आली तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. स्वयंपाकघरातला नळ बरेच दिवस गळत होता. बाबा त्याचं डोकं उघडून जमिनीवर बसले होते, पुढे वर्तमानपत्रावर पाना, जुना वॉशर, नवा वॉशर. चपला न काढताच ती दारात उभी राहिली. बसमधून येताना वाक्य तयार केलं होतं. ते आता कुठे सापडेना.

“बाबा, काल…”

ते ऐकत नव्हते, किंवा ऐकूनही वॉशर बसवत होते. तिने मोठ्याने म्हटलं, “काल तुम्ही तो प्रश्न का विचारलात?”

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी करता येतं. उलट थोडे ओशाळलेलेच दिसले ते, आपल्याच हातून काही बिघडल्यासारखे.

“कुणी काही विचारेचना,” ते म्हणाले. “तू एकटी उभी. तो समोरचा माणूस घड्याळ बघत होता. म्हटलं, तुला येतंय ते विचारावं.”

तिला कळलं नाही. मग कळलं. गेला आठवडाभर ती आतल्या खोलीत दार लावून उत्तरं घोकत होती, मोठमोठ्याने, आरशासमोर. त्यातलं सगळ्यात आवडतं हेच… आणि हे दाराशी खुर्ची ओढून बसत असणार, ज्या कानाने थोडं ऐकू येतं तो कान लावून.

“माझं चुकलंच,” बाबा म्हणाले. “भलत्या वेळी उठलो. तुझे साहेब काय म्हणाले?”

“नाव पाठवलंय.”

“मग झालं तर,” ते म्हणाले, आणि खरंच झालं असल्यासारखे पाना उचलून नळ आवळू लागले.

माफीचा शब्द अजून तिच्याकडेच होता. तो ठेवायला त्यांनी जागाच सोडली नव्हती. चूक स्वतःकडे घेऊन मोकळे झाले होते. सकाळपासून तिला भीती वाटत होती ती उघडं पडण्याची, संचालकांसमोर, त्या तिकीटवाल्या बाईसमोर. इथे उघडं पडायचं कुणासमोर? यांना तर पहिल्यापासून सगळं माहीत होतं. ओळखीच्या मॅडम. काल तारांगणाच्या दारातच, आत शिरायच्या आधीच, त्यांनी तिला सांभाळून घेतलं होतं.

“पण होतं काय, ते राहिलंच,” बाबा म्हणाले. “दाराआडून मध्येच तुझा आवाज बारीक व्हायचा.”

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. खिडकी उघडी होती. एरवी त्यांच्याशी बोलताना ती आधी उठून खिडकी लावायची, एवढ्या मोठ्याने बोलणं शेजारी जाऊ नये म्हणून. आज उठली नाही.

“काही होत नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “पोचायच्या आधीच त्याची वाफ होते.”

“वाफ,” ते म्हणाले. तो शब्द त्यांचा होता.

“आणि पोचला तरी… सूर्य एका सेकंदात जेवढी उष्णता टाकतो ना बाबा, तेवढ्यासाठी सगळ्यात मोठे बॉम्बसुद्धा शंभर कोटींच्या वर फोडावे लागतील.”

ते तिच्या ओठांकडे बघत होते. मध्येच हात वर करून थांबवायचे, विचार करायचे, मग मान हलवून “पुढे” म्हणायचे. सहा वर्षांच्या पोरीला दिलं होतं तसंच मिनिट ते तिला पुन्हा देत होते. तिला वर बघवत नव्हतं. लाज कमी झाली नव्हती. सकाळी ती लाज लोकांकडे तोंड करून होती, आता वळून या दोन खोल्यांत येऊन बसली होती, आणि बहुतेक इथेच राहणार होती. “पुढे?” ते म्हणाले. पलीकडे कुणाच्या तरी खिडकीत माणसं बोलायची थांबली. ती सांगत राहिली, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि दर वाक्यात एकदा “बाबा” म्हणत.