गाऱ्हाण्यात घातलेलं नाव

या मायबाप, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही जवळ यावं. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कीर्तनाला बसणारी माणसं तुम्ही, पूर्वरंगात चुळबुळ करायची नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. महादू पेंटरची कथा सांगतो. हिच्यात राजा नाही, चमत्कार नाही. एक माणूस आहे, त्याने स्वतः छापलेलं एक पुस्तक आहे आणि त्या पुस्तकात एक ओळ आहे.

सप्त्याचा शेवटचा दिवस होता. कुणकेश्वराच्या दक्षिणेला समुद्राला लागून एक वाडी आहे, तिथल्या रवळनाथाच्या देवळात काला नुकताच फुटला होता. सभामंडपात महादू गुडघ्यावर बसून एका खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवत होता. बायको कावेरी शेजारी उभी. तिने दोनदा विचारलं, सुरी आणू का? त्याने दोनदा मान हलवली. पट्टी सुटली आणि वर आलं ते पिवळ्या कव्हराचं पुस्तक. 'नाळेवरची अक्षरं'. खाली नाव, महादू पेंटर. पुस्तक त्याने नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि पहिली प्रत देवापुढे ठेवायला उठला. एकसष्टाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा कवी झाला होता.

आता मागचं थोडं सांगितलं पाहिजे. छत्तीस वर्षं महादूने होड्यांची नावं रंगवली. देवगडापासून आचऱ्यापर्यंत कुणीही नवी होडी बांधली की नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, नाव घालायला महादूच यायचा. नावाखाली होडीवाल्याला दोन ओळी हव्या असायच्या. बहुतेक पेंटर ठरलेल्याच ओळी घालत. महादू तसं करत नसे. होडीवाल्याच्या घरी तासभर बसायचा, चहा प्यायचा, कुणाचा बाप कसा गेला, कुणाच्या मुलीचं नाव काय, हे ऐकायचा आणि त्या घरापुरत्या दोन ओळी जुळवायचा. कुणी त्याला कवी म्हणत नसे, आणि तोही म्हणवून घेत नसे.

मग फायबरच्या होड्या आल्या आणि मशीनवर कापलेली चमकती स्टिकरं आली. अर्ध्या तासात नाव चिकटतं, वाळायची वाट बघावी लागत नाही. दोन हंगामांत महादूचं काम बंद पडलं. डबे माळ्यावर गेले. हात रिकामे झाल्यावर तो कावेरीला कोकमं फोडायला मदत करू लागला आणि फोडता फोडता ओळी म्हणू लागला. कावेरी म्हणाली, "तोंडात काय घोळवतास? कागदार उतरवा, माज्या कानाक कित्याक तरास?" त्याने उतरवलं. तीन वर्षांत दोन वह्या भरल्या. प्रकाशकांना पाठवलेल्या नकला परत आल्या, एक तर आलीच नाही. तेव्हा कावेरीनेच ठरवलं, आपलं आपण छापायचं. कणकवलीच्या एका प्रेसमध्ये महादू महिनाभर एसटीने जात राहिला. कव्हरावरची अक्षरं त्याने स्वतः ब्रशने काढून दिली. तिथला माणूस म्हणाला, संगणकात याहून सुबक फॉन्ट आहेत. महादूने ऐकलं नाही.

हा झाला पूर्वरंग. आता मन घट्ट करा.

त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरातल्या वादळात वाडीतली एक होडी परतली नव्हती. तिच्यावर तिघे होते. बाबली आणि गुरुप्रसाद चौथ्या दिवशी मिठबावच्या वाळूत सापडले. निकेत सापडला नाही. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर दोन दिवस फिरलं, मग तेही फिरायचं थांबलं. निकेतची बायको प्रियांका अठ्ठावीस वर्षांची. तिने मंगळसूत्र काढलं नाही, हिरवा चुडा उतरवला नाही. तिचं म्हणणं एकच होतं, समुद्राने दोघांना परत दिलं, तिसऱ्याला दिलं नाही, याचा अर्थ तो समुद्राकडे नाही. एखाद्या ट्रॉलरने उचलला असेल, परक्या मुलखात तुरुंगात पडला असेल. असं झालेलं आहे कुणाकुणाचं. सासू गोदूबाई मासे विकायला जायची, सुनेला एका शब्दाने अडवत नव्हती. गाव पाठीमागे काय बोलायचं ते बोलायचा, पण तिच्या तोंडावर कुणी 'निकेत गेलो' म्हणत नव्हतं. तेवढी लाज गावाने राखली होती.

त्या होडीची नाळ महादूने रंगवली होती; त्याचं शेवटचं मोठं काम तेच. त्यामुळे त्या वादळावर कविता लिहिल्याशिवाय त्याला चैन पडेना. आणि ती त्याने लिहिली गाऱ्हाण्याच्या चालीवर.

गाऱ्हाणं तुम्हाला सांगायला नको, तरी परगावचं कुणी बसलं असेल तर सांगतो. आमच्याकडे देवाला काही मागायचं तर एक जण देवासमोर उभा राहून मोठ्याने मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गावाने व्हय म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही. ते गावाचं होतं. त्यावर माणसं लग्नं ठरवतात, भांडणं मिटवतात, कोर्टातले दावे सोडून देतात.

तर, पुस्तक देवापुढे ठेवल्यावर अप्पा पुढे झाले. अप्पा देवळाचे गुरव, सप्त्याचं कीर्तनही तेच करत. आवाज असा की दगडी भिंतीने मान डोलवावी. महादूवर त्यांचा जीव होता. त्यांनी पुस्तक उघडलं, नेमकी तीच कविता काढली आणि देवाकडे तोंड करून, हात जोडून, गाऱ्हाण्याच्याच सुरात म्हणायला लागले.

"बा देवा म्हाराजा, ज्या पाण्यान आमच्या पोटाक घातल्यान, त्याच पाण्यान आमचे जीव पोटात घेतल्यान."

गाव सवयीने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"बाबलीक तुज्या पायाकडे जागा दी."

"व्हय म्हाराजा."

"गुरुप्रसादाक तुज्या पायाकडे जागा दी."

"व्हय म्हाराजा."

"निकेताक तुज्या पायाकडे जागा दी."

"व्हय म्हाराजा."

शंभर-दीडशे गळे. सूर लागला होता, डोळे मिटलेले होते, कुणाच्याही ध्यानात आलं नाही. पुढचं कडवंही झालं. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी उठल्याचं जाणवलं आणि अप्पांचा आवाज आपोआप खाली आला.

प्रियांका पुरुषांमधून वाट काढत पुढे आली. रडत नव्हती. महादूसमोर उभी राहिली.

"काकानू, तुमी तेचा मढा बगलात?"

महादू म्हणाला, "नाय."

"मगे? समुद्रान अजून माका काय सांगूक नाय. तुमी सांगलात." तिने गावाकडे बघितलं. "आणि ह्येनी व्हय म्हटल्यानी."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. महाप्रसादाच्या पंगती मांडलेल्या होत्या. लोक जेवायला बसले, पण वाढणाऱ्यांचेच तेवढे आवाज येत होते. पिवळी पुस्तकं खोक्यात होती तशी राहिली. कुणी मागितली नाहीत, महादूने कुणाला दिली नाहीत.

तुम्ही म्हणाल, कवितेतली ओळ ती, तिने काय होतं? ऐका काय झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाईने माशांची टोपली उचलली नाही. वर्षभर जी म्हातारी सुनेच्या आशेला आशा लावून होती, तिच्या आतलं काहीतरी त्या दुपारी मोडलं होतं. ती सुनेला म्हणाली, "गावान व्हय म्हटल्यान, देवान ऐकल्यान. आता आपण नाय म्हणणारी कोण गो?" भटजी आले. प्रेत नसलं की दर्भाची आकृती करतात. तशी केली आणि तिला अग्नी दिला. दहाव्या दिवशी वाळूवर प्रियांकाच्या हातातला चुडा फोडला. हात धरायला चार बायका लागल्या. कावेरी त्या चौघींत होती. घरी आल्यावर ती नुसती चुलीपुढे बसून राहिली. तिच्या मनगटावर नखांचे ओरखडे होते.

महादू अप्पांकडे गेला. अप्पा ओसरीवर वाती वळत होते. चूक आपलीही आहे, म्हणायच्या आधी वाचून बघायला हवं होतं, असं तेच आधी म्हणाले. महादूने मान हलवली आणि जे कावेरीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"अप्पानू, कविता पयली दोगांचीच होती. पण दोन नावांवर कडवा लंगडत होता. तिसरा नाव व्हया होता. घातलंय."

अप्पांनी वात खाली ठेवली. म्हणाले, गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. दुसरं घालता येतं.

महादू तिथून तसाच प्रियांकाकडे गेला. ती अंगणात बसली होती, मोकळे हात मांडीवर ठेवून. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून माफी मागू लागला, तिने मध्येच थांबवलं.

"माफी घेवन मी काय करू? तुमी जा घातलास ता काढा."

"कसा काढू, बाय?"

"तुमका कविता करूक येता ना? करा."

तो परत अप्पांकडे आला. म्हणाला, निकेत जिवंत असेल असं त्याच्या मनाला वाटत नाही. वादळ त्याने किनाऱ्यावरून पाहिलं होतं. मग देवासमोर उभं राहून खोटं कसं मागायचं?

अप्पा म्हणाले, "नाव घातलंस तेवा बगलंस काय रे, खरा काय खोटा काय?"

सोमवारी दुपारच्या आरतीनंतर महादू देवासमोर उभा राहिला. पुरुषमंडळी आरती घेऊन निघत होती, ती थांबली. त्याला अप्पांसारखा आवाज नाही. छत्तीस वर्षं तेलरंगाचा वास छातीत गेलेला. त्याने हात जोडले. शब्द जुळवून आणले नव्हते, कागद नव्हता.

"बा देवा म्हाराजा, निकेत खंय आसलो तरी तेका सुखरूप राख, आणि घराक परत हाड."

आणि थांबला. उत्तराला जागा ठेवली.

कुणी बोललं नाही. एकाने खाकरून घसा साफ केला. एक जण आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला. दुष्टावा नव्हता तो. त्याच मुखाने त्याच देवाला पंधरवड्यापूर्वी वेगळं सांगून झालं होतं, आणि दर्भ जळताना सगळ्यांनी पाहिला होता. देवाशी खोटं बोलायला माणसं भितात. अप्पांचेही ओठ हलले, शब्द फुटला नाही.

तेव्हा दारातून, उन्हातून, एका बाईचा आवाज आला. गाऱ्हाण्याला आमच्याकडे बायका व्हय म्हणत नाहीत, रीत नाही.

"व्हय म्हाराजा."

एकटाच. त्या मोठ्या मंडपात तो केवढासा वाटला.

पुढच्या सोमवारी महादू पुन्हा उभा राहिला. त्याच्या पुढच्याही. त्याने नंतर कविता केली नाही. पुस्तकाच्या काही प्रती कावेरीने कणकवलीच्या साहित्यमंडळाला पाठवल्या होत्या. तिथून पत्र आलं, गाऱ्हाण्याची कविता फार थोर आहे, संमेलनात येऊन स्वतः वाचावी, प्रवासाची सोय करू. महादूने पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो कावेरीने पाहिला, आणि तिने तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा वाचून त्याने ते घडी करून तिच्याकडे दिलं. त्या दिवशी सोमवार होता. तो देवळात गेला.

प्रियांका त्याच्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसला तर बाजूला होते. सासूबरोबर बाजारात बसते, टोपलीवरच्या माश्या वारते, मोकळ्या हातांनी तराजू धरते. फक्त सोमवारी दुपारी दाराशी येऊन उभी राहते. तो त्याला खोटं वाटणारं मागतो, ती तिला खरं वाटणाऱ्याला व्हय म्हणते, आणि दोघं दोन वाटांनी जातात. आता कुणी थांबून बघतही नाही.

मायबाप, महादूची छाती अलीकडे फार भरते. गेल्या सोमवारी 'हाड', म्हणजे आण, हा शब्द उच्चारायला त्याला तीन वेळा श्वास घ्यावा लागला. ती तेवढा वेळ उंबऱ्याबाहेर थांबून होती. उद्या महादू नसला आणि गाऱ्हाणं घालणारं कुणी उरलं नाही, तर तिने व्हय कशाला म्हणायचं? तेव्हा मागणं एवढंच आहे. तुम्ही कुठेही असा, कुठल्याही देवाचे असा, सोमवारी दुपारची आरती झाली की घटकाभर प्रियांकाला आठवा, आणि निकेतसाठी ते गाऱ्हाणं मनातल्या मनात घाला.