ऊन पाण्याचं बोरिंग

मुखरू भिणारा माणूस नाही, असं मोहटोल्यात सगळेच म्हणत, आणि चार लोक आपल्याबद्दल बरं बोलत असले की माणूस ते मुकाट्याने खरं धरून चालतो. तळ्याच्या पाळीला गळती लागली की मुखरूला हाक जायची. कमरेला दोर बांधून तो बुडी घ्यायचा, पाळीच्या आतल्या अंगाने हात फिरवत पाणी कुठे ओढतंय ते शोधायचा आणि चिकणमातीत मळलेला धानाच्या तणसाचा बोळा त्या भोकात असा कोंबायचा, की गळती जागच्या जागी बंद. मासेमार धिवरांच्या वस्तीत, साऱ्या टोल्यात हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. त्याचा त्याला ताठा नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मग बोरिंगवाले आले, आणि भीती कशाला म्हणतात ते मुखरूला कळू लागलं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. घुग्घुसकडे कोळसा निघतो तसा धानोऱ्याच्या वाटेवरच्या या रानातही निघेल, असं कुणाच्या तरी मनाने घेतलं. पहिलं भोक त्यांनी गेल्या उन्हाळ्यात तळ्याच्या आटलेल्या पोटातच पाडलं. कोळशाचा पत्ता नव्हता. मुरूम-माती ढकलून ते बुजवलं, आतला लोखंडी नळ उपसून नेला, आणि पावसाळ्यात त्यावर पाणी चढलं. यंदा मशीन तळ्याच्या वरच्या अंगाला माळावर उभं राहिलं. गावातले गडी मजुरीला लागले, त्यात मुखरूही लागला. खरं तर त्याला त्या कामाची हौस नव्हती, पण तळं आटत आलं की धिवराने हातावर हात ठेवून बसायचं काय?

भोकात गाळपाणी ओतत राहायचं, एवढंच त्याचं काम. वरून ओतलेलं पाणी खालच्या दगडाचा भुगा घेऊन पुन्हा वर यायचं. सुरुवातीला ते गार यायचं. मग कोमट येऊ लागलं. मग एक दिवस बरोबरच्या लटारूने हात धुवायला त्यात हात घातला आणि शिवी हासडून काढून घेतला. मशीनच्या लांब लोखंडी सळया भोकातून वर काढल्या की त्यांना हात लावण्याची सोय राहिली नाही. गडी हातांना गोणपाट गुंडाळून त्या ओढत, आणि सळईवर पाणी मारलं की ते चर्रकन वाजून उडून जाई.

बोरिंगचे मिस्त्री गुणवंतराव मात्र खुशीत होते. घुग्घुसचा माणूस, अर्धं आयुष्य जमिनीला भोकं पाडण्यात गेलेलं. नागपूरहून एक साहेब जीपने येऊन गेला होता. त्याने भोकात काचेची नळी सोडून ताप मोजला आणि सांगितलं, की कोळसा राहू द्या, इथला खडकच तापलेला आहे, आणखी खाली जा. परदेशात म्हणे असल्या भोकातल्या वाफेवर बिजली करतात.

"मिस्त्रीभाऊ, खाली आग आहे काय?" मुखरूने एकदा विचारलं.

"आग नाई रे. दगड तापला आहे. पानी त्याच्या पोटात कोंडून आहे."

"कोनं कोंडलं?"

गुणवंतराव हसले. "तुह्या बापानं. पानी ओत."

मुखरूही हसला, पण त्या दिवसापासून त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. सळई खाली उतरू लागली की निजलेल्या जनावराला आपण काडीने डिवचतोय असं त्याला वाटे. तो अनवाणी चालताना मध्येच थांबून पायाखालची जमीन चाचपू लागला. वैशाखात कुठली जमीन गार असणार? पण हे उन्हाचं तापणं की खालचं, हे त्याला ठरवता येईना. घरात जेवायला बसला तरी तो आधी सारवलेल्या भुईवर तळवा टेकवून पाही. त्याची बायको कुंता हे बघत होती, पण काही बोलत नव्हती, आणि कुंताने न बोलणं म्हणजे तिने सगळं साठवून ठेवणं.

एके सकाळी सळया एकाएकी थरथरू लागल्या. गुणवंतरावांनी मशीन बंद केलं, गड्यांना मागे व्हायला सांगितलं, आणि सळया वर काढताच भोकातल्या नळाच्या तोंडातून पाणी आपणहून वर आलं. कारंजं वगैरे काही नाही. भांड्यातलं दूध उतू जावं तसं ते नळाच्या काठावरून वाहू लागलं, एकसारखं, आणि त्यावर वाफ होती. गडी पांगले. मुखरू सगळ्यांच्या आधी पांगला, हे बरं की कुणी पाहिलं नाही.

गुणवंतरावांनी लांबून हात शेकून पाहिला. "याले लोखंडी टोपन पायजे, चावीवालं. मी घुग्घुसहून आनतो," ते म्हणाले आणि ट्रकवर चढले. चढता चढता त्यांनी मुखरूला बजावलं. "तोंड बंद करू नोको. वाहू दे. खाली जोर आहे."

"होय जी," मुखरू म्हणाला.

आता पाणी वाहणार कुठे? उताराने. आणि उताराच्या पायथ्याशी तळं होतं. तळं तरी कसलं, मधे गुडघा-दोन गुडघे पाण्याचं डबकं आणि भोवती चिखल. पण त्या डबक्यातल्या मासळीत टोल्याच्या उन्हाळ्याची भाजी होती आणि पुढच्या सालचं बीज होतं. दुसऱ्या दिवशी काठच्या पाण्यात पोटं वर करून मासळी तरंगली. बोटाएवढी पोरं आधी, मग मरळ.

कुंता ओंजळभर मेलेली मासळी घेऊन माळावर आली आणि तिने ती मुखरूच्या पुढ्यात टाकली.

"साऱ्या गावाच्या पाळी तुमी बुजवता. हे वीतभर भोक तुमच्यानं बुजत नाई?"

"मिस्त्री नाई म्हणून गेला आहे."

"मिस्त्रीच्या घरी मासे नाई शिजले तरी चालते. आपल्या घरी काय शिजवू? तुमचा मिस्त्री?"

लटारू फिदीफिदी हसला. मुखरूला ते लागलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते भोक बंद व्हायलाच हवं होतं. माशांसाठी हवं होतं हे आहेच, पण त्याहून जास्त, ते उघडं तोंड, ती वाफ, ते रात्रंदिवस आतून वर येत राहणं त्याला सोसवत नव्हतं. आजवर जे भोक त्याने बुजवलं ते बुजलं होतं. हेही बुजेल आणि आपल्याला निवांत झोप लागेल, एवढाच त्याचा हिशेब.

त्याने आणि लटारूने अंगाला ओली गोणपाटं गुंडाळली. सागाचा एक खुंटा तासून त्याला तणस लपेटलं, वर चिकणमाती थापली, आणि बांबूच्या कैचीत धरून तो नळाच्या तोंडात उतरवला. ओंडक्याने ठोकला. पाणी बाजूने फुसफुसलं, चिरकलं, आणि मग थांबलं. वर त्यांनी माती लिंपली आणि हातांना येतील तेवढे दगड रचले. मुखरूला आपल्या कामात खोट दिसली नाही. पाळीच्या गळतीत मात्र तळ्याचं पाणी स्वतःच बोळ्याला आत दाबतं, आणि पाण्याचा जोर किती ते तळं बघून कळतं. इथलं तळं कुणीच पाहिलेलं नव्हतं. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"झालं," लटारू म्हणाला, आणि मोहाच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

माळावर सगळं शांत झालं. कालपासून कानात बसलेला पाण्याचा आवाज गेला, आणि मुखरूला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो दगडांच्या ढिगावर बसला. दुपार कलत होती. खाली तळ्यात टोल्यातल्या बाया टोपल्या घेऊन उतरल्या होत्या. वाचलेली मासळी हाताने चाचपून धरायची होती, आणि त्यांच्यात कुंता होती हे त्याला तिच्या हिरव्या लुगड्यावरून दिसत होतं.

बसल्या जागी मुखरूला ढुंगणाखाली हलकी थरथर जाणवली. तो उठला आणि त्याने जमिनीला कान लावला. आत घरघर चालली होती. पण ती त्याच्या खाली नव्हती. सरकत चालली होती, उताराकडे. तो रांगत दोन ठिकाणी कान लावत गेला आणि प्रत्येक ठिकाणी आवाज पुढेच होता.

त्याने तळ्याकडे पाहिलं. डबक्याच्या मधोमध पाणी बुडबुडत होतं आणि तिथे मासे उड्या मारत होते. मोठे, खालच्या गाळातले, वर्षभर कुणाच्या जाळ्यात न आलेले. बायांमध्ये एकच आनंदीआनंद झाला. मासे आपणहून वर येताहेत म्हटल्यावर कोण मागे राहतं? सगळ्या तिकडेच निघाल्या. सगळ्यांच्या पुढे कुंता होती आणि तिने शेजारच्या सुकरीचा हात धरला होता, कारण चिखल मांड्यांपर्यंत होता.

ते गेल्या उन्हाळ्याचं भोक होतं. मुरूम-मातीने बुजवलेलं, नळ काढून नेलेलं. वर कोंडलेलं पाणी आता तिथून वाट काढत होतं. मुखरूला जागा पक्की ठाऊक होती. पावसाळ्यात बुडी मारताना त्याचा पाय त्या मऊ ढिगाला लागला होता.

तो उताराने धावत सुटला. "कुंते, मागं हो. मागं हो तिथून," तो ओरडला. कुंताने वर पाहिलं आणि हात हलवला. तिला वाटलं असेल, हा टोपली आणायला सांगतोय. तो पुन्हा ओरडला, छाती फुटेस्तोवर ओरडला. तेवढ्यात बुडबुड्यांच्या जागी गाळाचा एक उमाळा माणसाच्या उंचीएवढा उठला आणि परत बसला. त्यातून वाफ निघाली. मागच्या बाया किंचाळत काठाकडे वळल्या. पुढच्या दोघी वळू शकल्या नाहीत. त्यांचे पाय रुतले होते.

आता कुंता हाका मारत होती. मुखरूला तिचे शब्द कळत होते. ती त्याचं नाव घेत होती. लग्न झाल्यापासून तिने ते कधी घेतलं नव्हतं.

आणि मुखरूने पाठ फिरवली. तो माळाकडे पळाला. मागून हाका येत राहिल्या आणि तो पळत राहिला.

दगडांच्या ढिगाशी पोचला तेव्हा नळ हिसके देत होता. मुखरूने हातांनी दगड उलथले. मातीला तडे गेले होते आणि तड्यांतून वाफ शिट्टी घालत होती. लटारू जागा होऊन केव्हाच लांब जाऊन उभा होता. तिथूनच तो ओरडला, "मुखरू, मरशील बे." मुखरूने मशीनजवळची लोखंडी सब्बल उचलली, खुंट्याच्या कडेला घातली आणि सारं अंग तिच्यावर टाकलं. एकदा. मग आणखी एकदा. खुंटा सुटला तो त्याच्या कानाजवळून गेला, आणि त्याच्यामागून आलेलं पाणी त्याच्या दोन्ही हातांवर आणि छातीवर कोसळलं.

तो आडवा झाला होता तिथून त्याला तळं दिसत नव्हतं. आभाळात उडणारं पाणी तेवढं दिसत होतं. सकाळी नुसतं काठावरून वाहणारं ते पाणी आता कितीतरी उंच उडत होतं. लटारूने त्याला काखेत धरून मोहाखाली ओढलं. हात आपले नाहीतच असं त्याला वाटलं, आणि मग ते आपलेच आहेत हे फार जोराने कळलं. तरी तो एकच विचारत होता, "तळ्यात काय झालं? पाह्य ना गा, तळ्यात काय झालं?"

"निवलं," लटारू म्हणाला. "उमाळा बसला. बाया काठाले लागल्या."

कुंता आली ती मांडीपर्यंत चिखलाने भरलेली होती. तिच्या पोटऱ्या लालबुंद होत्या. तिच्यामागे लांब, चार जण बाजेवर कुणाला तरी घालून टोल्याकडे नेत होते आणि त्या बाजेवरून सुकरीचं विव्हळणं माळावर ऐकू येत होतं. कुंता मुखरूजवळ बसली, पण त्याला शिवली नाही.

"मी तुमाले हाका मारून राह्यली होती," ती म्हणाली. "तुमी पाठ देली."

"तो खुंटा काढाले आला होता वो," लटारू मधे बोलला. "तुह्या नवऱ्यानं सब्बल मारली म्हणून तू वाचली. त्याचे हात पाह्य जरा."

कुंताने हात पाहिले. तिचा चेहरा पिळवटला. मुखरूला वाटलं, इथे गप्प राहिलं तर आयुष्यभर ही बाई आपल्याला देव मानेल. त्याला ते हवंही होतं. पण तळ्यातून येणारी ती हाक अजून कानात होती, आणि ती ऐकताना आपल्या मनात काय होतं हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी पळालोच होतो, कुंते," तो म्हणाला. "भेवानं. खुंट्याची याद अर्ध्या वाटेवर आली."

लटारू दुसरीकडे बघू लागला. पाणी नळातून उसळत होतं आणि उताराने तळ्याकडे चाललं होतं, माशांवरून, चिखलावरून. कुंताने पदर सोडला, त्याचा जो भाग चिखलाने भरला नव्हता तो शोधून मुखरूच्या हातांवर सावली धरली.

"सुकरीनं माहा हात धरून ठेवला होता," ती म्हणाली. "म्या झटकला."