तासाची शेवटची पाच मिनिटं

"क्रियाविशेषण झालं. म्हंजे शब्दांच्या पाच जाती झाल्या. ऱ्हायल्या तीन," निकिता बोटं मोजत म्हणाली. "सांगा."

अप्पांनी, तिच्या आजोबांनी, समोरच्या दोडक्याच्या मांडवाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"जरा मोटार बघून येतो. ठिबकला पाणी पोचतंय का न्हाय..."

"अप्पा, लाईट मघाशीच गेलीया."

अप्पा उभेच राहिले. निकितानं वही मिटली. पाय स्टुलावर ठेवून वर्षभर बसून राहिलेल्या पोरीला दुसरं काही नाही तरी माणसं निरखायची सवय लागते.

"विभक्ती घेतली तवा पंचमीपर्यंत आलो, अन् तुमी गोठ्यात गेलात. काळ घेतला तवा तुमाला तहान लागली. दर धड्याला तुमी मधनंच का उठता?"

अप्पा परत खाली टेकले. त्यांना स्वतःलाच ते आज पहिल्यांदा दिसत होतं.

मागच्या पावसाळ्यात गाडीवरून पडून निकिताचं मांडीचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली आणि सातवीचं अख्खं वर्ष पणदऱ्याच्या या रानातल्या घरी गेलं. घरच्यांनी हात टेकले नाहीत. गणित आणि विज्ञान तिच्या आईनं, अनितानं, घेतलं. ती बारावी सायन्स. इंग्रजीला तिचा बाप होता, देवाच्या भरवशावर. आणि व्याकरण म्हटल्यावर अप्पा खाकरून म्हणाले होते, "ते माझ्याकडं." तेव्हा सगळे हसले होते. अप्पा स्वतः नववी नापास, आणि एकतीस वर्षं हायस्कुलात शिपाई.

पण अप्पांनी सुरुवात केली आणि घर गप्प झालं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ते आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीचा धडा आखायचे. कुठला नियम, त्याला रानातली कुठली उदाहरणं, पोरगी कुठं अडेल, तिथं काय विचारायचं. सर्वनाम समजावताना त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा, अगदी एखाद्या बाईंसारखा गोड आणि ठाम व्हायचा. व्याख्या तोंडपाठ, स्वल्पविरामासकट. पोरीला व्याकरण आवडायला लागलं, म्हणजे बघा.

आता शाळा उघडायला आठ दिवस होते. मुख्याध्यापकांनी सोमवारी बोलावलं होतं. ते भाषेचा आणि गणिताचा एकेक पेपर घेणार होते. जमलं तर मैत्रिणींबरोबर आठवीत, नाहीतर पुन्हा सातवीत. निकितानं ऐकून एवढंच म्हटलं होतं, "श्रेया आठवीत अन् मी खालच्या वर्गात? मग मी जायचीच न्हाय." आणि ती बोलली तसं करणारी पोर होती, आजोबावर गेली होती.

जेवताना अप्पांनी घास खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"माझं स्टूल सातवीच्या खिडकीखाली असायचं. घंटा तितंच टांगल्याली. पद्माबाई मराठी शिकवायच्या, ते समदं ऐकू यायचं. सालोसाल त्योच धडा, त्योच शबुद. पर घड्याळ हेडसरांच्या खोलीत, पार त्या टोकाला. पस्तीस मिनिटांचा तास. अंदाजानं तीस झाली की मी उठायचो, घड्याळ बघायचो, परत येऊन टोल द्यायचो. त्या पाच मिनिटांत बाई काय सांगायच्या, ते मला कंदी कळलंच न्हाय."

मग रंगूबाई, अप्पांची बायको, भाकरी मोडत म्हणाली, "तरीच. अर्ध्या हळकुंडानं पिवळं झाल्यालं माणूस पदरात पडलंय माझ्या."

"मोबाईलवर बघू की अप्पा," अनिता म्हणाली. "पुस्तकातबी हायेत ती नावं. शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी."

"नावं मलाबी वाचता येत्यात. पोरीनं 'का' इचारलं तर काय सांगू?"

"अन् मोबाईलवरचा माणूस नुसता बोलत सुटतो," निकिता म्हणाली. "मी चुकले तर त्याला कळतं का?"

ती असं म्हणाली आणि अप्पांनी ताट बाजूला सारलं. त्यांना लाज वाटत होती; पण लाजेपेक्षा राग जास्त आला होता. त्या घंटेचा, त्या घड्याळाचा आणि एकतीस वर्षांत 'पुढं काय झालं' हे एकदाही न विचारणाऱ्या स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, पिशवीत कोवळे दोडके भरले, कॅलेंडरचं पान घडी करून खिशात ठेवलं आणि बारामतीची गाडी धरली.

पद्माबाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. बारामतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. दार उघडल्यावर त्यांनी चष्मा सावरला.

"अप्पा? अहो, या की आत! असे दारात काय उभे?"

अप्पा आत आले, पण बसेनात. बाईंनी खुर्ची दाखवली तेव्हा ते खुर्चीच्या काठावर टेकले. शाळेत शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्च्या त्यांनी रोज पुसल्या होत्या. बसायचा प्रसंग आला नव्हता. चहा झाला, कोण कुठं आहे ते बोलून झालं. मग अप्पांनी एका दमात सगळं सांगितलं. खिडकी, स्टूल, नात, सोमवारचा पेपर.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटायचं, तुम्ही तिथं पेंगता."

"काय वेळंला पेंगायचोबी," अप्पा म्हणाले. "पर अलंकार चालू असला म्हंजे न्हाय."

बाई हसल्या. मग उठून कपाटाकडे गेल्या. "मी तुम्हाला चांगलं पुस्तक देते. सोपं आहे. वाचा, म्हणजे..."

"पुस्तक घरी हाय, बाई."

"मग?"

"मला ऐकायचंय. तुमी वर्गात सांगायच्या तसं."

"अहो अप्पा, दहा वर्षं झाली मला शिकवून. आता आवाजही राहिला नाही."

"मी जवळ बसतो."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि कॅलेंडरचं पान मांडीवर पसरलं. हा माणूस कधी काळी 'बाई, सहीचं रजिस्टर' याच्यापलीकडे एक शब्द बोलत नसे. आता तो हलायला तयार नव्हता.

बाईंनी घसा साफ केला. सुरुवातीला त्यांचं जरा अडखळलं. पण नाम आणि सर्वनाम होईपर्यंत आवाजाला धार आली, विशेषणापाशी हात हलायला लागला, आणि क्रियापदाला त्या खोलीत सत्तर पोरं बसल्यासारख्या बोलू लागल्या. अप्पा ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होते. सगळं तेच होतं, शब्दाला शब्द.

"...आणि क्रियेबद्दल अधिक माहिती देतो तो शब्द म्हणजे क्रियाविशेषण अव्यय."

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. पेन्सिल खाली पडली.

"कुठं निघालात?" बाईंनी विचारलं.

अप्पा ओशाळले. "कुठं न्हाय बाई. पाय उठलं."

"बसा. धडा संपलेला नाही."

ते बसले. बाईंनी पुढच्या तिन्ही जाती सांगितल्या. झाडाखाली, घरासमोर हे शब्दाला जोडून येणारे. आणि, पण, म्हणून हे दोन शब्दांना, दोन वाक्यांना बांधणारे. अरेरे, शाबास, अबब हे मनातलं एकदम बाहेर टाकणारे. अप्पा मोठ्या अक्षरांत लिहून घेत होते. इतकी वर्षं अर्धवट राहिलेली गोष्ट कुणीतरी पुरी करत होतं, आणि त्यांना हसावं की डोळे पुसावं ते कळत नव्हतं.

बाई थांबल्या. सवयीनं त्यांनी समोर पाहिलं आणि तास संपवताना प्रत्येक वर्गाला विचारायच्या तसं विचारलं,

"समजलं का?"

अप्पांनी वर पाहिलं. हा प्रश्न या शाळेच्या माणसाला शाळेत कुणी विचारला नव्हता. त्यांना सांगितलं जायचं, आणि ते 'व्हय बाई' म्हणून कामाला लागायचे. आताही ते उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. पण सोमवारी पोरगी एकटी त्या बाकावर बसणार होती.

"न्हाय बाई," अप्पा म्हणाले. "न्हाय समजलं. नुसतं 'खाली' म्हटलं तर क्रियाविशेषण, अन् 'झाडाखाली' म्हटलं की शब्दयोगी, ते कसं? तितं माझी गल्लत होतीया. परत सांगा."

बाईंनी पदर खोचला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या.