पडद्याची डावी बाजू

"एवढासा पडदा, आणि त्याला चार तुकडे! एका कापडात भागत नव्हतं का याचं?" टाचण्या दातांत धरून भाची पुटपुटली.

"ते वरच्याला विचार," मी म्हटलं. "मापं त्याची, आपण नुसत्या शिवणाऱ्या."

इस्पितळाच्या शिवणखोलीत आम्ही दोघी एरवी चादरी आणि ऑपरेशनचे गाऊन शिवतो. शरीररचना शिकवणाऱ्या मॅडमना या खेपेला कापडी गर्भ हवा होता, आतल्या पोकळ्या कशा होतात ते दाखवणारा. त्यांनी कागद दुमडून समजावलं आणि मी थक्कच झाले. चौथ्या आठवड्यात माणूस म्हणजे सपाट चकती! तिच्या कडा खाली वळतात, पोटापाशी जुळतात, आणि कापड न् अस्तर यांच्यात राहावी तशी आत एक सलग पोकळी राहते. मग तिचे कप्पे पडतात: हृदयाला एक, फुप्फुसांना दोन, पोटाला एक. छाती-पोटामधला पडदा तर चार तुकडे जुळून होतो, मानेपाशी सुरू होतो आणि खाली सरकताना मानेतली नस सोबत घेऊन येतो. तीस वर्षं शिवतेय, असं बेतणं कुठे पाहिलं नाही.

भाचीला पाचवा महिना होता. परवाच्या सोनोग्राफीत बाळाच्या याच पडद्याला डावीकडे भोक दिसलं होतं. रिपोर्ट घरात सगळ्यांनी वाचला. तिची आई सारखी दूध पी म्हणायची, नवरा धड चालणाऱ्या पंख्याला तेल घालत बसला. मी काम दुसरीकडे देते म्हटलं, तर ही म्हणाली, "का? मला काय धाड भरलीय?"

बोलण्याच्या नादात मी पडदा चारी बाजूंनी शिवून टाकला. शिवण आत जायला तो उलटवायचा, तर जागाच नाही!

"मावशे, आता याला नाकातून काढ बाहेर," ती खदखदून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मी दोन्ही बाजूंना थोडं उसवत होते तेवढ्यात मॅडम आल्या. "शरीरही वाट ठेवतं हो," त्या म्हणाल्या. "पडद्याच्या दोन्ही बाजूंना. उजवी आधी मिटते, डावी मागून. आणि कधी..." भाचीच्या रिपोर्टचं त्यांनाही ठाऊक होतं.

मी पडदा उलटवला, उजवी बाजू मिटवली, डावीकडे सुई नेली. भाचीनं माझं मनगट धरलं.

"ती राहू दे उघडी. शिकणाऱ्यांना तेही दिसू दे." तिचा आवाज चादर फाडावी तसा सरळ निघाला. "त्या भोकातून आतडी वर छातीत चढलीत, फुप्फुसाला वाढायला जागा नाही. मावशी, माझं बाळ कदाचित जगणार नाही."