तांबट आळीतली बेसबॉल बॅट

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या जिवाला घोर लागला आहे. कसब्यातल्या तांबट आळीत, उत्तरेश्वर तांबटांच्या कारखान्यात मी कोपऱ्यात उभी आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडातून मला कातून काढलं. घडवणाऱ्या कारखान्याने आपलं नाव मात्र दिलं नाही, कारण मला मागवलं होतं एका भल्यामोठ्या दुकानाने. सुईपासून पलंगापर्यंत सगळं तिथे एका छताखाली मिळे. त्या काळी अशी दुकानं बॅटींवर स्वतःचंच नाव छापून घेत. माझ्या पोटावरही निळ्या अक्षरांत ते उमटलं. लोक सदरे घ्यायला येत आणि मुलांच्या हट्टापायी बॅटही घेऊन जात.

रंगनाथराव नावाच्या प्राध्यापकांनी अमेरिकेहून परतताना मला ट्रंकेतून पुण्याला आणलं. इथल्या मुलांनी मला घेऊन क्रिकेट खेळून पाहिलं, भराभर बाद झाली आणि मला माळ्यावर टाकलं. पुढे मी जुन्या बाजारात गेले आणि तिथून तांब्याच्या मोडीबरोबर इथे आले.

उत्तरेश्वरांची मुलगी अपेक्षा शाळेत बेसबॉल खेळते. तिने माझ्यावरचं नाव वाचून मोबाइलवर शोधलं.

"बाबा, हे दुकान केव्हाच बंद पडलंय! अशी बॅट आता नाही मिळायची."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण त्याच आठवड्यात उत्तरेश्वरांचा लाकडी हातोडा फुटला.

"लाकूड झकास आहे," माझं पोट चाचपत ते म्हणाले. "दसरा झाला की हा जाड भाग कापून हातोडा करतो."

"बाबा, तिथेच तर नाव आहे!"

"त्यांचं दुकान बंद पडलं. आपलं चालू ठेवायचंय ना?"

माझी पाचावर धारण बसली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अपेक्षाने मला गुपचूप पूजेच्या हत्यारांत ठेवलं. पुजलेलं हत्यार आजी मोडू देत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिचा अंदाज खरा ठरला. दसऱ्यानंतर करवत निघाली तशा तिच्या आजी, विमलाबाई, कडाडल्या, "पुजलेल्या हत्याराला करवत लावतोस? दुसरं लाकूड बघ!"

उत्तरेश्वरांनी करवत खाली ठेवली. अपेक्षाने धावत येऊन मला उचललं, फिरवून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, हिच्यावरचं नाव कुठंय?"

"कसलं नाव? निळे डाग होते. पूजेआधी चिंच-मीठ लावून घासून काढले. तांबटाच्या घरची वस्तू कशी लख्ख हवी!"

अपेक्षाने माझ्या पोटावरून बोट फिरवलं. आजीवर रागवावं की तिच्या पाया पडावं, तिला कळेना. मलाही कळलं नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घासायला घेण्याआधी तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचत जा. माझ्या पोटावर अजून एक अक्षर पुसट दिसतं. शाळेला निघताना अपेक्षा ते बघून जाते. पण पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी येईल, आणि आता मी पूजेतली झाले आहे. चिंच-मीठ घेऊन बसताना विमलाबाई मला विसरणार नाहीत.