वेगवान गाडीची सुनावणी

पालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. वेगवान गाडीला पैसा द्यायचा की शहरातल्या बसगाड्या वाढवायच्या, यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. दारातच गाडीच्या नव्या स्टेशनचं मॉडेल मांडलं होतं आणि निम्मं शहर त्याच्यावर माशांसारखं घोंगावत होतं. मॉडेल गाडीच्या इंजिनियरसाहेबांच्या सांगण्यावरून माझ्याच नवऱ्यानं केलेलं. त्याच्या हातात कसब आहे, ते मी कशाला नाकारू!

मी मात्र त्या टेबलाकडे फिरकलेच नाही. माझा जीव बसमध्ये अडकला होता. मी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. आमच्या वस्तीतून तिकडे जाणारी ती एकच बस, आणि गाडीला पैसा गेला की तिच्यावर गदा येणार होती. बस गेली की माझी नोकरी गेली. महिनाभर भाजी चिरता चिरता मी भाषण घोकत होते आणि नवरा समोर बसून ऐकत होता. "इथे जरा थांब," "एवढी तावातावानं बोलू नकोस," असं शिकवतही होता.

माझी पाळी आली. "साहेब, त्या गाडीत मी वर्षातून एकदा बसेन, तेही कुणी तिकीट काढून दिलं तर. बसमध्ये मी रोज बसते. बसते कसली, उभीच असते!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. इंजिनियरसाहेबांनी मान डोलावली. "बाईंचा मुद्दा रास्त आहे," म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सभा संपून गर्दी पांगली तेव्हा मी मॉडेलपाशी गेले. नवरा तिथेच आवराआवर करत होता. स्टेशन आमच्या वस्तीच्या तोंडाशीच येणार होतं. रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, सगळं जिथल्या तिथे होतं. बसथांब्याच्या जागी मात्र हिरवळ होती.

"अहो, आपला थांबा कुठाय?"

"केला होता. इंजिनियरसाहेब म्हणाले, काढून टाका. ती बस बंद करायचं ठरलंय."

"कधी म्हणाले?"

"झाला की महिना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी घोकायला बसले तेव्हापासून याला सगळं ठाऊक होतं.

"मग मला बोलू कशाला दिलंत? चार लोकांत हसं करायला?"

"हसं कसलं? किती छान बोललीस," मॉडेलची काच फडक्यानं पुसत तो म्हणाला. "आणि नोकरीचं एवढं काय घेऊन बसलीस? तशीही तू दमतेसच की."