दर दहा मिनिटांनी

हौशी रेडिओ क्लबचे सेक्रेटरी फोनवर आधी हवापाण्याचं बोलले, मग गुडघेदुखीचं, मग त्यांनी घसा खाकरला. तेव्हाच मास्तरांनी ओळखलं की आता गाडी बायकोच्या यंत्रावर येणार.

"मास्तर, वहिनींचं स्टेशन लोकांच्या बोलण्यात घुसतंय हो. पूर्वी कधी असं नव्हतं."

"बघतो," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. बघायचं काय होतं? करणी त्यांचीच होती.

ते यंत्र बायकोने स्वतः जुळवलं होतं. दर दहा मिनिटांनी ते आपोआप तिचं संकेतनाव हवेत पाठवायचं, कुणाचा निरोप आला तर जपून ठेवायचं. मोर्सचे ठोके तिच्याच हातचे, भरून ठेवलेले. शेवटच्या अक्षराआधी ती किंचित अडखळायची, तेही त्यात होतं. बाई शिस्तीची. आधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर गप्प बसायचं, अशी यंत्राला सक्त ताकीद होती. "माणसाला जमलं नाही ते यंत्राला शिकवलंय," असं ती मास्तरांकडे बघत म्हणायची. दुसऱ्याचं वाक्य तोडायची मास्तरांची खोड लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी गेली नव्हती.

ती गेली त्याला आता आठ महिने झाले होते. यंत्र चालूच होतं. मग एका रविवारी त्या फ्रिक्वेन्सीवर इतकी गर्दी झाली की यंत्र सकाळपासून दुपारपर्यंत गप्प बसलं. मास्तरांना घर खायला उठलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि यंत्राची ऐकायची वायर सोडवून टाकली. तेव्हापासून ती दर दहा मिनिटांनी बोलत होती, कुणाचंही न ऐकता. जिवंतपणी ती इतकी कधी बोलली नव्हती.

वायर परत जोडली की तक्रार मिटली असती. पण नियमांच्या पुस्तकात, तिनेच पेन्सिलीने खूण केलेल्या पानावर, साफ लिहिलं होतं: आपोआप चालणाऱ्या स्टेशनलाही ज्याच्या नावाचं स्टेशन तो माणूस मागे असावा लागतो. आठ महिने मास्तरांनी ते पान उघडलं नव्हतं. ती असती तर तिने त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं. तेही त्यांना हवंहवंसं वाटलं.

त्यांनी वायर जोडली. यंत्राने ऐकलं, कुणी नाही याची खात्री केली आणि तिचं नाव पाठवलं. ते अडखळणं आलं, शेवटचं अक्षर आलं. मास्तर मध्ये बोलले नाहीत. मग त्यांनी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ते आपल्या स्वतःच्या रेडिओ-सेटसमोर बसले आणि तिच्या फ्रिक्वेन्सीवर आले. बोलण्याआधी विचारायची रीत असते: इथे कुणी आहे का? दोनदा विचारायचं, उत्तर आलं नाही तर जागा मोकळी समजायची.

मास्तरांनी दोनदा विचारलं. थोडं थांबून तिसऱ्यांदा विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं ते ऐकत बसले.